फेलिक्सने काठी का उचलली? : ‘फ्रँकेन्स्टाइन’मधले आपले आणि परके

जास्वंद

मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’चा विषय निघाला की चर्चा हटकून विज्ञानाच्या मर्यादांवर जाते. माणसाने देव व्हायला जाऊ नये वगैरे. या धाग्यात मला त्याबद्दल बोलायचं नाही. मला बोलायचंय कादंबरीच्या मधोमध असलेल्या एका गरीब घराबद्दल. माझ्या मते सगळी कादंबरी त्या घराच्या दारात ठरते.

ज्यांनी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन हा जिनिव्हाचा तरुण जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या विद्यापीठात शिकतो, तिथे आठ फूट उंचीचा एक जीव घडवतो आणि त्याने डोळे उघडताच घाबरून पळ काढतो. त्या जीवाला नाव नाही, आईबाप नाहीत, भाषा नाही. रानात भटकताना तो एका झोपडीत शिरतो, तर तिथला म्हातारा ओरडत पळून जातो. पुढे एका गावात शिरतो, तर लोक दगडांनी हाणून हाकलतात. शेवटी एका घराला लागून असलेल्या खोपटात तो लपतो आणि फळ्या मारलेल्या खिडकीच्या फटीतून घरातली माणसं न्याहाळत राहतो. आंधळे वडील डी लेसी, मुलगा फेलिक्स, मुलगी अगाथा.

सुरुवातीला तो रात्री त्यांचं अन्न चोरतो. मग त्याच्या लक्षात येतं की ही माणसं स्वतःच अर्धपोटी आहेत, कधीकधी दोघं तरुण आपल्या वाट्याचं वडिलांपुढे ठेवून उपाशी राहतात. तेव्हापासून चोरी बंद. रानातली फळं आणि कंदमुळं खाऊन तो राहतो. एवढंच नाही, रात्री फेलिक्सची हत्यारं घेऊन रानात जातो आणि जळणाची लाकडं तोडून दारात आणून ठेवतो. वाटेवरचा बर्फ बाजूला करतो. घरच्यांना वाटतं, कुणी भला आत्मा आपल्या पाठीशी आहे.

मग या घरात साफी येते. तुर्की व्यापाऱ्याची मुलगी. तिला घरच्यांची भाषा येत नाही, पण सगळे तिला कवेत घेतात. फेलिक्स तिला फ्रेंच लेखक व्होल्नेचं साम्राज्यांच्या ऱ्हासावरचं पुस्तक वाचून दाखवत भाषा शिकवतो आणि भिंतीपलीकडे बसून हाही शिकतो. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचं काय झालं हे ऐकून साफी रडते, तेव्हा तोही रडतो. एकाच वर्गातले दोन विद्यार्थी. एकीला घरात जागा आहे आणि दुसऱ्याला खोपटात लपून राहावं लागतं.

अखेर तरुण मंडळी फिरायला गेलेली पाहून तो दार ठोठावतो. आंधळे डी लेसी त्याला आत बोलावतात, शेकोटीजवळ बसवतात. तो सांगतो, मी ज्यांच्याकडे आधार मागायला निघालोय त्यांनी मला कधी पाहिलेलं नाही आणि एका घातक पूर्वग्रहामुळे त्यांना माझ्यात मित्र दिसणार नाही. म्हातारा धीर देतो. म्हणतो, मला तुझा चेहरा दिसत नाही, पण तुझं बोलणं खरं वाटतं. इतक्यात पावलं वाजतात. तो म्हाताऱ्याचा हात धरून कळवळून सांगतो, ते मित्र म्हणजे तुम्हीच, मला सोडू नका. दार उघडतं. अगाथा बेशुद्ध पडते, साफी बाहेर धावत सुटते आणि फेलिक्स त्याला जमिनीवर पाडून काठीने मारतो.

आता माझा प्रश्न. हा फेलिक्स कोण आहे? पॅरिसमध्ये साफीच्या वडिलांना फाशीची शिक्षा झाली होती. त्या माणसाचा धर्म आणि पैसा यांमुळेच त्याला दोषी ठरवलं, असं तिथल्या लोकांचंही मत होतं. फेलिक्सने त्या परक्या, परधर्मी कैद्याला तुरुंगातून पळवलं. त्यापायी त्याचे आंधळे वडील आणि बहीण तुरुंगात गेले. पाच महिने तुरुंगात काढल्यावर खटला चालला, मालमत्ता जप्त झाली आणि सगळ्यांना देशोधडीला लागावं लागलं. परक्यावरच्या अन्यायासाठी ज्याने सर्वस्व गमावलं, त्याच माणसाच्या हातात मेरी शेलीने काठी दिली. एखाद्या दुष्ट जमीनदाराच्या हातात ती देणं सोपं होतं. तिने तसं का केलं असेल?

गोदाकाठ

फार आवडलं. सिनेमा पाहून हे पुस्तक ठाऊक आहे असं समजणाऱ्यांनी हा भाग वाचायलाच हवा. १९३१च्या सिनेमात त्याला मुकंच करून टाकलं. १९३५च्या दुसऱ्या भागात आंधळ्या साधूचा प्रसंग आहे, व्हायोलिन आहे, शब्द शिकवणं आहे, पण तिथे दार उघडून आत येणारे दोन शिकारी असतात, अनोळखी. घरातलाच मुलगा नाही. त्यामुळे धाग्यातला प्रश्न तिथे उभाच राहत नाही.

रोखठोक

मी फेलिक्सची बाजू घेणार आहे. तुम्ही घरी आलात आणि आठ फुटांचा, पिवळट कातडीचा, काळ्या ओठांचा कुणीतरी तुमच्या आंधळ्या वडिलांना घट्ट धरून बसलेला दिसला, तर आधी त्याचं म्हणणं ऐकून घ्याल? वडिलांना वाचवायला धावाल. त्याला पूर्वग्रह म्हणणं फेलिक्सवर अन्याय आहे. आपण वाचकांनी त्या जीवाची सगळी कहाणी ऐकलेली असते, फेलिक्सकडे फक्त एक क्षण होता.

जास्वंद

>> फेलिक्सकडे फक्त एक क्षण होता

त्या क्षणाबद्दल मी त्याला दोष देत नाही, रोखठोक. पण पुढचा दिवस बघा ना. दुसऱ्या दिवशी फेलिक्स घरमालकाला घेऊन येतो आणि घर सोडतोय म्हणून सांगतो. तीन महिन्यांचं भाडं बुडेल, बागेतलं पीक जाईल, तरी चालेल म्हणतो. म्हणजे विचार करायला रात्र मिळालेली होती. म्हातारा त्या पाहुण्याशी बोलला होता, त्याला धीर दिला होता. त्याने घरच्यांना काय सांगितलं, कादंबरीत एक शब्द नाही. फेलिक्स घरमालकाला सांगतो ते एवढंच की वडिलांच्या जिवाला धोका आहे आणि बायको-बहीण या धक्क्यातून सावरणार नाहीत. ज्या एकट्या माणसाने ऐकलं होतं त्याचं म्हणणं पुढे येतच नाही. ज्यांनी पाहिलं त्यांचंच खरं धरलं जातं.

आणि रोज दारात येऊन पडणारी लाकडं? ती कोण आणत होतं, हा प्रश्न त्या रात्री कुणालाच पडला नाही.

सांजवारा

+१. त्यात आणखी एक. मार खाताना तो मनात म्हणतो की सिंह हरणाला फाडतो तसं मी फेलिक्सला फाडू शकलो असतो. पण तो हात उचलत नाही. तिथपर्यंत त्याने एकाही माणसाला इजा केलेली नाही.

डान्यूबतीरी

मी कामानिमित्त इंगोलश्टाटमध्येच राहते, म्हणून या धाग्यावर लिहिल्यावाचून राहवत नाही. ते विद्यापीठ इथे १४७२ ते १८०० होतं, नंतर लान्ड्सहूटला आणि पुढे म्युनिकला गेलं. शरीररचनाशास्त्राची जुनी इमारत मात्र अजून उभी आहे, तिथे वैद्यकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. शहर आज गाड्यांच्या कारखान्यामुळे ओळखलं जातं आणि आपल्यासारखी कितीतरी माणसं इथे येऊन स्थिरावली आहेत.

मला या प्रसंगातला सगळ्यात लागलेला संवाद वेगळाच आहे. म्हातारा विचारतो, तुझ्या बोलण्यावरून तू माझ्याच देशाचा वाटतोस, फ्रेंच का? आणि तो उत्तर देतो, नाही, पण एका फ्रेंच कुटुंबात शिकलो, मला तेवढीच भाषा येते. ते कुटुंब समोरच बसलेलं आहे! त्यांची भाषा त्याने इतकी आत्मसात केलीय की आंधळ्याला तो स्वकीय वाटतो.

मी जर्मन शिकले ती जीव ओतून. घर शोधताना फोनवर छान बोलणं व्हायचं, गप्पा रंगायच्या. दारात उभी राहिले की समोरचा चेहरा बदलायचा आणि जागा तोवर गेलेली असायची. प्रत्येक वेळी असं झालं नाही. आता जिथे राहते त्या घराच्या मालकीणबाईंनी मला पहिल्या हिवाळ्यात जी माया लावली ती मी विसरणार नाही. पण फोन आणि दार यांच्यामधलं ते अंतर मला माहीत आहे. ऐकताना मी शेजारीण असते, दिसताना परदेशी होते. डी लेसीच्या घरात नेमकं हेच घडतं, म्हणून ते प्रकरण मला भयकथेतलं वाटत नाही.

मास्तर

इंग्रजी शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे ही कादंबरी अनेकदा हाताखालून गेली. जास्वंदताईंच्या प्रश्नाला जोडून जस्टिनबद्दल लिहितो, कारण तिच्याकडे फार कुणी वळत नाही.

जस्टिन मॉरिट्झ ही आईला नकोशी झालेली मुलगी. फ्रँकेन्स्टाइन कुटुंब तिला बाराव्या वर्षी आपल्याकडे आणतं. व्हिक्टरच्याच घरात वाढलेली एलिझाबेथ पत्रात अभिमानाने लिहिते की जिनिव्हात नोकरांना फ्रान्स-इंग्लंडसारखं तुच्छ लेखत नाहीत. आणि मग व्हिक्टरच्या धाकट्या भावाचा, विल्यमचा, खून होतो. मुलाच्या गळ्यातलं लॉकेट जस्टिनच्या खिशात सापडतं. खटल्यात एलिझाबेथ तिच्या बाजूने कळकळीने बोलते. त्याचा परिणाम काय होतो पाहा: लोक एलिझाबेथच्या मनाच्या मोठेपणाचं कौतुक करतात आणि जस्टिनवर आणखी चिडतात, की एवढ्या उपकारांची ही फेड! म्हणजे केलेली दयाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरते. वर पाद्री तिला धर्मबहिष्काराची आणि नरकाची भीती घालून खोटा कबुलीजबाब काढून घेतो. तिचा चेहरा भेसूर नव्हता, उलट ती देखणी होती. तिचं घरातलं स्थान मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर होतं, आणि प्रसंग येताच ते गेलं.

दुसरी गोष्ट. १६ मार्च १८२४ला ब्रिटिश संसदेत परराष्ट्रमंत्री जॉर्ज कॅनिंग यांनी वेस्ट इंडीजमधल्या गुलामांना लगेच मुक्त करण्याविरुद्ध बोलताना याच कादंबरीचा दाखला दिला होता. गुलामाला एकदम मोकळं सोडणं म्हणजे शरीराने प्रौढ पण बुद्धीने बाल असा तो कादंबरीतला जीव निर्माण करणं, असा त्यांचा रोख. पुस्तक येऊन सहा वर्षं झाली होती. ज्या कादंबरीत तो जीव मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योथेचा वेर्थर वाचतो, ज्यात त्याच्या बुद्धीला कुणी दार उघडत नाही म्हणून अनर्थ होतो, तिचा उपयोग दार बंद ठेवण्यासाठी झाला. मला हे वाचून पहिल्यांदा संताप आला होता, तो अजून गेलेला नाही.

सांजवारा

मास्तर, कॅनिंगचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

मला मात्र खुद्द मेरी शेलीलाही थोडं प्रश्नाच्या कक्षेत आणावंसं वाटतं. साफीचे वडील बघा. फेलिक्सने जिवावर उदार होऊन वाचवलं, तरी हा माणूस त्याला फसवतो, साफीशी ठरलेलं त्याचं लग्न मोडू पाहतो आणि वर अपमान वाटावा इतकी क्षुल्लक रक्कम पाठवतो. कपटी तुर्क. साफी चांगली का? तर तिची आई ख्रिस्ती होती म्हणून. मुस्लिम स्त्रियांचं सगळं आयुष्य जनानखान्याच्या भिंतीत दाखवून टाकलंय. म्हणजे परक्यांवरच्या अन्यायाची एवढी मोठी गोष्ट सांगणारं पुस्तक एका संपूर्ण समाजाला त्या काळच्या युरोपच्याच चष्म्यातून पाहतं. घरात साफीला जागा मिळते ती ती अर्धी ‘आपली’ असल्यामुळे, आणि सुंदर असल्यामुळे.

आता एलिझाबेथ. १८१८च्या आवृत्तीत ती व्हिक्टरची आतेबहीण आहे. १८३१च्या सुधारित आवृत्तीत मेरीने ते बदललं. तिथे व्हिक्टरची आई कोमो सरोवराजवळ एका गरीब शेतकऱ्याच्या झोपडीत जाते. पाच भुकेली मुलं. चार काळ्या डोळ्यांची, रापलेली आणि एक नाजूक, गोरी, सोनेरी केसांची. ती वेगळ्याच वंशाची दिसते, असं स्पष्ट म्हटलंय. चौकशी केल्यावर ती मिलानच्या सरदाराची मुलगी निघते. आई तिला घरी आणते. उरलेली चार मुलं तिथेच राहतात, कादंबरी पुन्हा त्यांचं नाव काढत नाही. ही दयाच आहे, खोटी नाही. पण चेहरा बघून केलेली आहे. आणि याच घरात वाढलेला मुलगा पुढे स्वतःच्या हाताने घडवलेल्या जीवाचा चेहरा बघून पळतो. व्हिक्टर घरीच हे शिकला असं मला वाटतं.

गोदाकाठ

बाप रे. ही चार मुलं माझ्या नजरेतून पार निसटली होती.

रोखठोक

सांजवाराचा मुद्दा पटला. पण धाग्यात एक गोष्ट बाजूला राहतेय. तो जीव विल्यमचा गळा दाबतो. लहान मूल ते. नंतर व्हिक्टरचा मित्र क्लेर्व्हाल, नंतर एलिझाबेथ. ‘समाजाने नाकारलं म्हणून’ हे कारण किती ताणायचं? आणि जस्टिनच्या खिशात लॉकेट ठेवणारा कोण? तोच ना? १८३१च्या आवृत्तीत ती तर कोठारात गवतावर झोपलेली होती. तिने त्याला पाहिलंही नव्हतं.

जास्वंद

>> तिने त्याला पाहिलंही नव्हतं

हो. आणि मी त्याला निर्दोष म्हणणार नाही. झोपलेल्या जस्टिनकडे बघून त्याच्या मनात येतं की हिचं हसू सगळ्यांसाठी आहे, माझ्यासाठी नाही. ती जागी होऊन आपल्याला शिव्याशाप देईल अशी कल्पना करून तो तिला तिथल्या तिथे शिक्षा सुनावतो. एक शब्द न ऐकता, नुसतं बघून. फेलिक्सने त्याच्याशी जे केलं तेच तो जस्टिनशी करतो. आधी तलावात स्वतःचं प्रतिबिंब पाहून तो दचकला होता. तो माणसांकडून भाषा शिकला, तसंच हेही शिकला.

विल्यमच्या वेळी सुरुवात तशी नाही. त्याला वाटतं, हे मूल लहान आहे, कुरूपतेचा तिटकारा अजून शिकलेलं नसेल, याला जवळ घेऊन वाढवावं. मूल ओरडतं, राक्षस, तू मला खाशील, माझे बाबा मोठे अधिकारी आहेत, ते तुला शिक्षा करतील. त्यात फ्रँकेन्स्टाइन हे नाव येतं आणि घात होतो. खून तो खूनच. पण त्याच्या थोडंच आधी काय घडलं होतं तेही वाचा. नदीच्या धारेत बुडणाऱ्या मुलीला त्याने ओढून बाहेर काढलं, शुद्धीवर आणायचा प्रयत्न केला, आणि तिच्याबरोबरच्या माणसाने त्याला बंदुकीची गोळी घातली. दारातली काठी आणि ही गोळी मिळून तो माणूसजातीशी वैर धरतो. हे क्रमाने वाचलं तर गुन्हा लहान होत नाही, फक्त तो एकट्याचा राहत नाही. शेवटी तो स्वतः जहाजाच्या कप्तानाला, वॉल्टनला, हेच विचारतो: सगळ्यांनी माझ्यावर अन्याय केला, मग गुन्हेगार मी एकटाच का? आपल्या मित्राला दारातून हाकलणाऱ्या फेलिक्सचा तुम्हाला राग का येत नाही?

कवडसा

उशिरा येतोय. सगळे प्रतिसाद वाचले. मला तुमच्या चर्चेत एक धागा दिसतो, तो मांडतो.

या कादंबरीत त्याला ऐकून घेतलं जातं तेव्हा प्रत्येक वेळी डोळे बाजूला केलेले असतात. पहिला डी लेसी, तो आंधळाच. दुसरा व्हिक्टर. शामोनीजवळच्या हिमनदीवर दोघं समोरासमोर येतात, व्हिक्टर म्हणतो माझ्या नजरेसमोरून चालता हो. तेव्हा तो आपले हात व्हिक्टरच्या डोळ्यांवर धरतो आणि म्हणतो, घे, तुला नको असलेलं दृश्य मी दूर केलं, आता तरी ऐक. व्हिक्टर हात झिडकारतो, पण त्यानंतरच ऐकायला तयार होतो. तिसरा जहाजाचा कप्तान वॉल्टन. शेवटी व्हिक्टरच्या शवाजवळ त्याला पाहताच वॉल्टनचे डोळे आपोआप मिटतात, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच तो आपलं कर्तव्य आठवतो आणि त्याला थांब म्हणतो.

चौथे आपण. आपल्यालाही तो दिसत नाही. वॉल्टन बहिणीला पत्र लिहितोय, त्यात व्हिक्टरचं बोलणं, त्यात त्याचं बोलणं. फक्त आवाज. मेरी शेलीने वाचकाला डी लेसीच्या खुर्चीत बसवलंय. म्हणूनच पुस्तक वाचताना त्याची कणव येते आणि पडद्यावर तो दिसला की लोक किंचाळतात. १८२३च्या लंडनच्या नाटकापासून त्याला मुका केलं गेलं, तेव्हाच ही खुर्ची काढून घेतली गेली.

जास्वंद, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. फेलिक्सने तुर्क कैद्याची बाजू घेतली ती खटला ऐकून. त्या वेळी तो कानांनी न्याय करत होता. दारात त्याने डोळ्यांनी केला. मेरी शेलीने काठी चांगल्या माणसाच्या हातात दिली, कारण दुष्टाच्या हातात दिली असती तर आपण सगळे सुटलो असतो.

रोखठोक

कवडसा, हिमनदीवरचा तो प्रसंग मी वाचून पुढे गेलो होतो. आज परत काढून वाचला. फेलिक्सच्या त्या क्षणाबद्दल माझं मत अजून तेच आहे, पण दुसऱ्या दिवसाबद्दल जास्वंद म्हणतात ते मान्य.

डान्यूबतीरी

एक राहिलंच. व्हिक्टरवरही परका व्हायची वेळ येते. ऑर्कनीहून होडी भरकटते आणि तो आयर्लंडच्या किनाऱ्याला लागतो. किनाऱ्यावरची माणसं कपाळाला आठ्या घालून बघतात, तर हाच माणूस तक्रार करतो की परक्याशी असं वागायची ही कुठली पद्धत! मग खुनाचा आरोप, तुरुंग, आजारपण. तिथला न्यायाधिकारी कर्विन त्याला तुरुंगातली त्यातल्या त्यात बरी खोली देतो, डॉक्टर देतो, परिचारिका देतो आणि त्याच्याजवळच्या कागदांत पत्र सापडताच वडिलांना कळवतो. व्हिक्टरकडे कागद होते, आडनाव होतं, धावत येणारे वडील होते. ज्या बापाने आपल्या निर्मितीला यातलं काहीच दिलं नाही त्याला हे सगळं मिळालं, आणि तरीही त्याला ते दिसत नाही. मला व्हिक्टरचा सगळ्यात जास्त राग इथे येतो.

मास्तर

अगदी. मेरीला हे बाहेर राहणं पुस्तकातून शिकावं लागलं नसणार. जन्मानंतर अकराव्या दिवशी आई गेली, सोळाव्या वर्षी विवाहित कवी पर्सी शेलीबरोबर घर सोडलं तर वडिलांनी तोंड फिरवलं. १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हाला ही गोष्ट सुचली तेव्हा ती अठरा वर्षांची होती आणि तिचं पहिलं मूल आधीच्याच वर्षी दगावलेलं होतं.

गोदाकाठ

वाचायला घ्यायची तर कुठली आवृत्ती घ्यावी? १८१८ की १८३१?

सांजवारा

बाजारात जुन्या छापाची बहुतेक पुस्तकं १८३१ची असतात, आत मेरीची मोठी प्रस्तावना असेल तर ओळखता येईल. डी लेसी कुटुंबाची कहाणी दोन्हींत आहे. १८३१मध्ये त्या जीवाचं निवेदन अकराव्या प्रकरणापासून सोळाव्यापर्यंत चालतं. पहिल्यांदा वाचणार असाल तर १८१८ची घ्या, ती जास्त धारदार आहे. नंतर १८३१मधलं पहिलं प्रकरण तेवढं वेगळं काढून वाचा, कोमोच्या त्या झोपडीसाठी.